राणी ते राष्ट्रपती : मॉरिशसच्या राज्यप्रमुखपदाचा प्रवास

अर्धापूर : राहते घर न सोडता, गावाची वेस न ओलांडता एखाद्या माणसाचे राज्य किती वेळा बदलू शकते, याचे उत्तर अर्धापूर परिसरातील जुन्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून कारभार पाहू लागले. २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्याचे राज्यपाल आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे राज्यपाल, असे बदल पुढच्या बारा वर्षांत घडले. शेत तेच, विहीर तीच. सातबाऱ्याच्या वरचे नाव मात्र बदलत गेले.

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही असाच अनुभव घेतला. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी मुंबई बंदरातून निघाले, तेव्हा बेटावर ब्रिटिश गव्हर्नरचा अंमल होता. त्यांची नातवंडे-पतवंडे आज एका प्रजासत्ताकाचे नागरिक आहेत. त्या देशाच्या सर्वोच्च पदाचा हा प्रवास कसा झाला आणि त्यात सामान्य माणसाच्या हाती काय लागले, हे समजून घेणे मराठवाड्यातील वाचकालाही उद्बोधक ठरावे.

तीन सत्तांचे बेट

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर अंतरावर असलेल्या या बेटावर मूळची मानवी वस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच खलाशी तेथे उतरले आणि राजपुत्र मॉरिस यांच्या नावावरून त्यांनी बेटाला मॉरिशस हे नाव दिले. डचांनी १६३८ मध्ये वसाहत केली. पण ती टिकली नाही आणि १७१० मध्ये त्यांनी बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेऊन त्याचे नाव 'इल द फ्रान्स' असे ठेवले. १७३५ मध्ये आलेले गव्हर्नर माहे द ला बुर्दोने यांनी पोर्ट लुई बंदराची उभारणी केली.

डिसेंबर १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. जुने नाव परत आले. फ्रेंच भाषा, फ्रेंच कायदे आणि मळेवाल्यांची मालकी मात्र ब्रिटिशांनी कायम ठेवली. राज्यप्रमुख बदलला तरी समाजाची घडी लगेच बदलत नाही, याचा मॉरिशसमधील हा पहिला धडा म्हणता येईल.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून भारतीय कंत्राटी मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली होती. पुढील सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय तेथे गेले. कोलकाता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरे होती. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील मराठी मजुरांचा मोठा भरणा होता. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

स्वातंत्र्य मिळाले, राणी राहिली

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला. महात्मा गांधींनी १९३० मध्ये याच तारखेला दांडीयात्रेला प्रारंभ केला होता. त्या स्मरणार्थ हा दिवस निवडला गेला. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून भारताकडे येताना काही दिवस या बेटावर थांबले होते.

स्वातंत्र्याचा निर्णय एकमुखी नव्हता. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक याच प्रश्नावर लढवली गेली. स्वातंत्र्यवादी आघाडी विजयी झाली. परंतु सुमारे ४४ टक्के मते विरोधी बाजूला पडली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही धास्ती अल्पसंख्याक समाजांच्या मनात होती. नव्या देशाच्या घटनेत राज्यप्रमुखाचे स्थान ठरवताना या पार्श्वभूमीचे महत्त्व होते.

सर शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले. राज्यप्रमुख मात्र राणी एलिझाबेथ द्वितीय याच राहिल्या. ब्रिटनच्या नव्हे, तर मॉरिशसच्या राणी म्हणून. त्यांचे प्रतिनिधित्व गव्हर्नर जनरल करीत. मावळते ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन शॉ रेनी हेच पहिले गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्यानंतरचे सर आर्थर लेनर्ड विल्यम्स हेही ब्रिटिशच होते. डिसेंबर १९७२ मध्ये त्यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि सर अब्दुल रमण उस्मान यांच्या रूपाने प्रथमच मॉरिशसचा भूमिपुत्र या पदावर आला. त्याच वर्षी मार्चमध्ये राणींनी या देशाला भेट दिली होती.

भारतीय वाचकाला ही व्यवस्था अपरिचित नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारतही असाच 'अधिराज्य' होता. राजे सहावे जॉर्ज हे नावापुरते राज्यप्रमुख होते. माउंटबॅटन आणि त्यांच्यानंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. भारताने हा टप्पा अडीच वर्षांत ओलांडला. मॉरिशसला त्यासाठी बरोबर चोवीस वर्षे लागली.

प्रजासत्ताकाची वाट

राणीचे पद हटवून देश प्रजासत्ताक करावा, ही मागणी १९८० च्या दशकात जोर धरू लागली. १९८२ च्या निवडणुकीत रामगुलाम यांचा पक्ष पराभूत झाला आणि सर अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. पराभूत रामगुलाम यांची डिसेंबर १९८३ मध्ये गव्हर्नर जनरलपदी नियुक्ती झाली. स्वातंत्र्याचे नेतृत्व करणारा नेता अखेरच्या काळात राणीचा प्रतिनिधी झाला, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय. डिसेंबर १९८५ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. जानेवारी १९८६ मध्ये सर वीरास्वामी रिंगाडू त्यांच्या जागी आले.

अडचण होती ती घटनादुरुस्तीची. त्यासाठी संसदेच्या एकूण सदस्यांपैकी तीनचतुर्थांश सदस्यांचे मत आवश्यक होते. १९९० मध्ये झालेला प्रयत्न या बहुमताअभावी फसला. सप्टेंबर १९९१ च्या निवडणुकीत मात्र जगन्नाथ आणि पॉल बेरांजे यांच्या पक्षांच्या आघाडीने थेट निवडून येणाऱ्या ६२ पैकी ५७ जागा जिंकल्या. डिसेंबर १९९१ मध्ये घटनादुरुस्ती संमत झाली आणि १२ मार्च १९९२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्याच तारखेला, मॉरिशस प्रजासत्ताक झाले.

त्या दिवशी राज्यप्रमुखाचे पद बदलले. व्यक्ती मात्र बदलली नाही. मावळते गव्हर्नर जनरल रिंगाडू हेच पहिले राष्ट्रपती झाले. निवासस्थानही तेच राहिले. मोका जिल्ह्यातील ल रेद्वी येथील वाडा अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच गव्हर्नरने बांधला. फ्रेंच गव्हर्नर, ब्रिटिश गव्हर्नर, गव्हर्नर जनरल आणि राष्ट्रपती अशा चार प्रकारच्या सत्ताधीशांचा संबंध या एकाच वास्तूशी आला. देश राष्ट्रकुलाचा सभासद राहिला आणि अंतिम अपिलासाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची सोयही कायम ठेवण्यात आली.

जुना माणूस, नवे पद

शेवटच्या गव्हर्नर जनरलनेच पहिला राष्ट्रपती व्हावे, ही केवळ मॉरिशसची रीत नाही. श्रीलंकेत १९७२ मध्ये विल्यम गोपल्लवा, माल्टात १९७४ मध्ये अँथनी मामो, त्रिनिदाद व टोबॅगोत १९७६ मध्ये एलिस क्लार्क, फिजीत १९८७ मधील लष्करी बंडानंतर पेनाइया गानिलाऊ आणि बार्बाडोसमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सँड्रा मेसन यांच्या बाबतीत हेच घडले. बेटांवरील या लहान देशांनी संक्रमणात धक्का बसू नये, म्हणून ओळखीचा चेहरा पुढे ठेवला. श्रीलंकेने पुढे १९७८ मध्ये वेगळी वाट धरून राष्ट्रपतींच्या हाती प्रत्यक्ष सत्ता दिली. मॉरिशसने मात्र भारताप्रमाणे नामधारी राष्ट्रपती आणि सत्ताधारी पंतप्रधान हीच रचना पसंत केली.

मराठवाड्याने याचे जवळचे उदाहरण पाहिले आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादसाठी स्वीकारली. २६ जानेवारी १९५० पासून तेच त्या राज्याचे राजप्रमुख झाले. ज्यांच्या राजवटीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला गेला, तेच नव्या व्यवस्थेत घटनात्मक प्रमुख म्हणून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिले. मॉरिशसमधील बदल संसदेतील मतदानाने झाला, तर हैदराबादमधील बदलामागे मुक्तिसंग्राम आणि पोलिस कारवाई होती. हा फरक मोठा आहे. तथापि, पद बदलताना व्यक्ती तीच ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे एकसारखीच दिसते.

राष्ट्रपतींची निवड आणि अधिकार

मॉरिशसचे राष्ट्रपती जनतेच्या थेट मतदानाने निवडले जात नाहीत. पंतप्रधान संसदेत प्रस्ताव मांडतात आणि एकूण सदस्यांच्या साध्या बहुमताने निवड होते. मुदत पाच वर्षांची असून फेरनिवड होऊ शकते. उमेदवाराचे वय किमान चाळीस वर्षे असावे लागते. भारतात राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांच्या विधानसभांनाही मत असते. मॉरिशसमध्ये तसा दुसरा मतदार नाही. त्यामुळे संसदेत ज्याचे बहुमत, त्याचा राष्ट्रपती, असे समीकरण तेथे तयार झाले आहे.

संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्रपती फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. धनविधेयकाबाबत तीही मुभा नाही. संसदेने तेच विधेयक पुन्हा संमत केले, तर स्वाक्षरी करणे बंधनकारक ठरते.

स्वाक्षरी नाकारणारे दोघे

या मर्यादेची खरी कसोटी फेब्रुवारी २००२ मध्ये लागली. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक देशांप्रमाणे मॉरिशसनेही दहशतवादविरोधी विधेयक आणले. राष्ट्रपती कासम उतीम हे १९९२ पासून पदावर होते. नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर या विधेयकामुळे गदा येईल, असे त्यांचे मत होते. त्यांनी स्वाक्षरी केली नाही. संसदेने विधेयक पुन्हा संमत केले, तेव्हा उतीम यांनी स्वाक्षरी करण्याऐवजी राजीनामा दिला. उपराष्ट्रपती अंगिदी चेट्टियार यांच्याकडे पदाची सूत्रे आली. त्यांनीही स्वाक्षरी नाकारून पद सोडले. अखेर सरन्यायाधीश अरिरंगा पिल्ले यांनी हंगामी राष्ट्रपती या नात्याने विधेयकावर सही केली आणि त्याचा कायदा झाला.

विधेयक थांबले नाही, हे खरे. पण एका विधेयकासाठी चार दिवसांच्या आत देशातील पहिल्या दोन पदांवरील व्यक्ती बाहेर पडल्या आणि कायद्यावरील आक्षेप साऱ्या देशासमोर आला. नामधारी म्हणवल्या जाणाऱ्या राज्यप्रमुखाकडे 'नाही' म्हणण्याचा अधिकार किती उरतो, या प्रश्नाचे मॉरिशसने दिलेले उत्तर असे आहे : एकदाच, आणि तेही खुर्चीची किंमत मोजून.

तडजोडीचे पद

उतीम यांच्यानंतर कार्ल ऑफमन राष्ट्रपती झाले. त्यांची कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची ठरली. कारण खुर्चीचा पुढचा वारस आधीच निश्चित होता. २००० च्या निवडणुकीपूर्वी जगन्नाथ आणि बेरांजे यांच्यात समझोता झाला होता. त्यानुसार पहिली तीन वर्षे जगन्नाथ पंतप्रधान राहणार आणि नंतर ते राष्ट्रपती होऊन पंतप्रधानपद बेरांजे यांच्याकडे जाणार होते. २००३ मध्ये हे ठरल्याबरहुकूम पार पडले. जगन्नाथ मार्च २०१२ पर्यंत राष्ट्रपती राहिले, सक्रिय राजकारणात परतण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबर २०१४ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. भारतात राष्ट्रपतिभवनातून बाहेर पडलेली व्यक्ती पुन्हा पंतप्रधान झाल्याचे उदाहरण नाही.

२०१४ च्या त्याच निवडणुकीत प्रतिस्पर्धी आघाडीने राष्ट्रपतींना जनतेने थेट निवडावे आणि त्यांना अधिक अधिकार द्यावेत, अशी योजना मतदारांपुढे मांडली होती. मतदारांनी त्या आघाडीला नाकारले. लोकांनी राज्यप्रमुखाच्या स्वरूपाविषयी अप्रत्यक्षपणे का होईना, मत देण्याचा हा दुर्मिळ प्रसंग होता.

जगन्नाथ यांच्यानंतर आलेले कैलाश पुरयाग यांनी जानेवारी २०१३ मधील भारतभेटीत बिहारमधील आपल्या पूर्वजांच्या गावाला भेट दिली. गिरमिटिया मजुराचा वंशज राज्यप्रमुख म्हणून मूळ गावी आल्याचे दृश्य देशभरातील वृत्तपत्रांनी टिपले होते. जून २०१५ मध्ये जैवविविधतेच्या अभ्यासक डॉ. अमिना गुरीब-फाकिम राष्ट्रपतिपदी निवडल्या गेल्या. या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. एका स्वयंसेवी संस्थेने दिलेल्या क्रेडिट कार्डाच्या वापरावरून वाद झाल्याने त्यांनी मार्च २०१८ मध्ये पद सोडले. गैरव्यवहाराचा आरोप त्यांनी फेटाळला होता. २०१९ च्या निवडणुकीनंतर पृथ्वीराजसिंग रूपन राष्ट्रपती झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तांतर झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये धरम गोखुल यांची निवड झाली.

मराठी माणसाचे काय?

मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान आहे. पण त्याची ओळख टिकून आहे. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च अध्यापन होते. भाषा, सण आणि शाळा यांचा हा मान गव्हर्नरच्या काळात मळ्यावरच्या मजुराच्या स्वप्नातही नव्हता. त्या अर्थाने राज्यप्रमुखाचा बदल हा केवळ पाटी बदलण्याचा प्रकार ठरला नाही.

याच संस्थेत कंत्राटी मजुरांची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव, जहाज आणि काहींची छायाचित्रेही त्यांत आहेत. वसाहतीच्या सरकारने ही नोंद माणसांवर पाळत ठेवण्यासाठी केली. आज त्याच नोंदीच्या आधारे वंशज आपले मूळ गाव शोधतात. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनासाठी गेल्या असता, तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी पात्र ठरवण्याची घोषणा त्यांनी केली. सात पिढ्यांपूर्वीचा कागद सापडला, तरच तो हक्क सिद्ध होतो.

मराठवाड्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. निजामकाळातील उर्दू आणि मोडी दप्तरांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. निजामाची सत्ता जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. तरी त्याच्या महसूल खात्यातील एखादी ओळ आजच्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाशी जोडलेली आहे.

राणीचे चित्र उतरले, राष्ट्रपतींचे लागले. निजाम राजप्रमुख झाले, राजप्रमुखांच्या जागी राज्यपाल आले. गादीवरची माणसे अशी बदलत राहिली. त्यांच्या काळात लिहिलेली सामान्य माणसाची नोंद मात्र पोर्ट लुईतही उपयोगी पडते आणि अर्धापूरच्या तहसील कार्यालयातही. ती जपली गेली आहे का, हे पाहण्याचे काम नव्या राज्यप्रमुखाच्या राज्यात नव्याने सुरू होते.

दृष्टिक्षेपात मॉरिशस

१५९८ : डचांचे आगमन
१७१५ : फ्रेंचांचा ताबा
१८१० : ब्रिटिशांचा विजय
१८३४ : 'ॲटलास' जहाजातून भारतीय कंत्राटी मजुरांचे आगमन
१२ मार्च १९६८ : स्वातंत्र्य, राणी एलिझाबेथ राज्यप्रमुख
१९७२ : पहिले मॉरिशियन गव्हर्नर जनरल
१२ मार्च १९९२ : प्रजासत्ताक, वीरास्वामी रिंगाडू पहिले राष्ट्रपती
२००२ : कासम उतीम व अंगिदी चेट्टियार यांचे राजीनामे
२०१५ : राष्ट्रपतिपदी निवडून आलेल्या पहिल्या महिला, अमिना गुरीब-फाकिम
२०२४ : धरम गोखुल यांची राष्ट्रपतिपदी निवड